तुकईथडच्या नाल्यातलं बँकॉक

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले की बुऱ्हाणपूरच्या बाजारात भरताची वांगी येतात. हिरवी, पांढुरकी, एका हातात न मावणारी. आमच्या गल्लीत कुणीतरी मागच्या अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून ती भाजतं, आणि तो धुरकट वास खिडकीतून आत आला की माझा पाय घरात ठरत नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायला विसरते. धुतलेले कपडे परत भिजवते. फोन उचलते, कुणाला लावायचा होता ते आठवत नाही, ठेवून देते. आमचे हे सोफ्यावरून विचारतात, “काय शोधून राहिली वं?” मी म्हणते, “चष्मा.” चष्मा डोळ्यांवरच असतो.

या वर्षी त्यात पल्लवीनं भर घातली. पल्लवी आमची एकुलती एक, लग्न होऊन इंदूरला असते. नवऱ्याबरोबर थायलंडला फिरायला गेली आणि तिथून व्हिडिओ पाठवला. कुठल्या तरी खेड्यातला ओढा. ओढ्यात बांबूचे ओटे, ओट्यांवर बुटकी टेबलं, लोक पाण्यात पाय सोडून कॉफी पिताहेत. मधोमध आमची पल्लवी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. “मम्मी, देखो ना! सेम आपल्यासारखं! पप्पांना दाखव.” पप्पांना दाखवला. पप्पांनी तो दुपारपर्यंत अकरा वेळा पाहिला, आणि चहा पिता पिता म्हणाले, “ऐक ना, परत करू या का आपण?”

मी अर्धा चहा तसाच ठेवून चष्मा शोधायला उठले.

चार वर्षं झाली त्या हंगामाला. आम्ही तेव्हा खकनारला राहत होतो. पुढे यांचं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान, मागे घर. शेत तुकईथडकडे, केळीचं, एका अंगानं नाला. एका कंपनीची स्कीम होती, इतका माल उठवला की दुकानदाराला थायलंडची टूर. यांचं टार्गेट पूर्ण झालं, आणि खकनारच्या बायकांना चार महिने पुरेल एवढा विषय मिळाला. “जाऊ दिलं तू?” “एकटेच चालले? बायको नाही चालत का त्या स्कीममध्ये?” शेजारच्या मावशींनी तर मला अंगारा आणून दिला, यांच्या बॅगेत टाकायला. मी हसण्यावारी नेलं, पण बॅग भरताना अंगाऱ्याची पुडी शर्टाच्या घडीत टाकलीच. खोटं कशाला बोलू!

हे परत आले ते हत्तींची चित्रं असलेली ढगळ पँट घालून. बाजारातून चालत. हिरवा बाम, सुकवलेला आंबा, आणि फोनमध्ये चाळीस व्हिडिओ. मी दार लावून एकेक उघडला. चाळीसच्या चाळीस एका ओढ्याचे. कुठलीतरी फळबाग दाखवायला यांना दूर खेड्यात नेलं होतं आणि जेवायला त्या ओढ्यातल्या हॉटेलात बसवलं होतं. “आपल्यासारखंच गाव आहे वं,” हे सांगत होते. “केळी पण आहे. कच्ची पपई खलबत्त्यात कुटून देतात, मिरची घालून, अगदी ठेच्यासारखी. भात चिमुकल्या टोपलीत. माझ्यासाठी तं नुसता भात आन् काकडीच होती. पण पाय पाण्यात. घोट्याएवढं पाणी, बारीक मासे पायाला लागून राहिले. एक घंटा बसलो मी. एक घंटा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.”

हे शेवटचं वाक्य तुम्हाला साधं वाटेल. मला नाही वाटलं. यांच्याशी लग्न झाल्यापासून मी या माणसाला स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. बसले की उजवा पाय हलत राहायचा. जेवताना ताट खणखणायचं, सिनेमाला पुढचा माणूस वळून बघायचा. पल्लवीच्या लग्नाच्या बैठकीत व्याही मला हळूच विचारत होते, तब्येत ठीक आहे ना यांची? असा माणूस एक घंटा गप्प बसून आला होता, आणि मला म्हणत होता की आपल्या नाल्यात असं करू. नाही कोण म्हणणार?

आमचा नाला सातपुड्यातून येतो. पावसाळ्यात गढूळ आणि दांडगा, पण दिवाळीनंतर असा निवळतो की तळातले खडे मोजावेत. होळीपर्यंत वाहतो. यांनी केळीला टेकू द्यायचे बांबू काढले, त्यांचे ओटे बांधले, वर पट्ट्यांच्या बाजा, म्हणजे खाटा, टाकून टेबलं केली. पाणी घोट्याएवढं राहावं म्हणून खालच्या अंगाला बंधारा घातला. दुकानातल्या खताच्या रिकाम्या गोण्या होत्याच. त्यांत वाळू भरली, तोंडं शिवली, आडव्या रचल्या. कॉफी-बिफी आम्हाला काय जमणार! भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, केळफुलाची भजी. सगळं केळीच्या पानावर. पेंटरला यांनी सांगितलं होतं काहीतरी मोठं नाव, पण त्यानं स्वतःच्या डोक्यानं बोर्डावर लिहिलं “बँकॉक भरीत”, आणि तेच राहिलं. इच्छापूरला देवीचं दर्शन करून लोक गाडी वळवायचे, “चला, बँकॉकला जेवून येऊ!”

चूल माझी. नाल्याच्या काठावर, चिंचेखाली. धुरानं डोळे चुरचुरायचे, वांग्याची साल काढताना बोटं भाजायची, आणि पाणी इतकं जवळ की थकले की तिथूनच हात बुडवायचे. केळीच्या पानांतून ऊन हिरवं होऊन टेबलांवर पडायचं. बायका साड्या घोट्याच्या वर धरून पाण्यात उतरताना लहान मुलींसारख्या ओरडायच्या. सासू-सुना एकाच बाजूला बसून पाय हलवायच्या. आणि दुपारी गर्दी ओसरली की आमचे हे वरच्या टेबलाशी बसायचे. उजवा पाय पाण्यात, स्थिर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाकरी तव्यावर विसरले. खरंच सांगते, त्या माणसाच्या पायाकडे मी नव्या नवरीसारखी बघत होते.

आता ती गंमत ऐका, जी फक्त आपल्याच लोकांच्या हातून व्हायची. थायलंडचे व्हिडिओ यांनी चाळीस काढले, पण तिकडचे लोक जेवण झाल्यावर काय करतात ते एकातही नव्हतं. आपण काय करतो? हात धुतो, चूळ भरतो. पहिल्या रविवारी बुऱ्हाणपूरहून एक मोठं कुटुंब आलं, वरच्या टेबलावर बसलं. दोन-दोन वेळा भरीत घेऊन आजोबा तृप्त झाले. वाकले, पुढ्यातल्या पाण्यात बोटं चोळून धुतली, ओंजळ भरून घेतली आणि घशापर्यंत खळखळून चूळ टाकली. खालच्या टेबलावर नवीन लग्नाचं जोडपं होतं. पिवळं पाणी, तेलाचे तवंग आणि वांग्याच्या बिया त्या पोरीच्या मेंदीच्या पायांवरून निघाल्या. “अवं माय!” म्हणत तिनं पाय असे वर घेतले की टेबल उलटलं. तिच्याखालच्या टेबलावर वरण गेलं. तोवर आजोबांनी दुसरी चूळ भरली होती.

हे धावले. काठावर बादल्या ठेवल्या, प्लॅस्टिकचे मग ठेवले, पाटी लावली. कोण ऐकतो! “एवढं पाणी वाहून राहिलं, आन् हात बादलीत धुवायचे? कमाल करता प्रकाशभाऊ!” मग जो तो सगळ्यात वरचं टेबल मागायला लागला. लोक सकाळी फोन करायचे, “वरचं ठेवा हं आमच्यासाठी.” त्यावरून दोन भाऊबंदांचं बोलणं बंद झालं. आम्ही घरी येऊन पोट धरून हसायचो. सगळ्यांना चिंता होती आपल्या वर कोण बसलंय याची. सगळ्यात खालच्या टेबलाच्या खाली कोण आहे, हे कुणी विचारलं नाही.

मला माहीत होतं कोण आहे ते. तिथे सुमलीबाई होती.

नाल्याच्या पुढच्याच वळणावर पाच-सात घरांची बारेला आदिवासींची वस्ती आहे. सुमलीबाई तिथली. आमच्या केळीत तीस वर्षं काम करते. मी लग्न होऊन आले तेव्हा विळा कसा धरायचा ते मला तिनं शिकवलं आणि माझ्या हाताला चिंधी बांधताना इतकी हसली की मला रडू यायचं राहिलं. केळीचा चीक लागून माझी पहिली चांगली साडी काळी पडली तर म्हणाली, “आता झाली तुम्ही शेतवाली.” वस्तीला हँडपंप आहे, पण त्याच्या पाण्याला गंजाची चव. पिण्याचं पाणी त्या बायका नाल्याच्या काठच्या झिरीतून घेतात. झिरी म्हणजे वाळूत हातभर खोदलेला खड्डा. नाल्याचं पाणी वाळूतून गाळून त्यात झिरपतं, वाटीनं भरून घ्यायचं. कामाच्या दिवसांत मीही तेच प्यायचे. गोड पाणी, दात शिवशिवतील असं गार.

हॉटेल सुरू होऊन आठवडा झाला असेल. चुलीतून उकरलेली राख टाकायला मी खालच्या अंगाला गेले होते. बंधाऱ्याच्या पलीकडे पाणी वाहत नव्हतं, नुसतं मुरत होतं. त्यावर साय आल्यासारखा तेलाचा थर, कडेला हिरवं शेवाळ, बट्टीचा चुरा. मी आणखी वीस पावलं गेले असते तर झिरी दिसली असती. गेले नाही. राख तिथेच झटकली आणि वळले. हे वीस पावलांचं मी चार वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुमलीबाई हंडा घेऊन वर यायला लागली. काठाला आम्ही जाळी मारली होती, म्हणून नाल्यातूनच. भर जेवणाच्या वेळी, टेबलांच्या मधून, घोट्याएवढ्या पाण्यातून वर, आमच्या सगळ्यात वरच्या टेबलाच्याही वर, जिथे पाणी स्वच्छ आहे तिथे. हंडा भरायचा, डोक्यावर घ्यायचा आणि परत त्याच वाटेनं खाली. एक शब्द नाही. काळं-लाल लुगडं, चांदीच्या वाक्या, डोक्यावर पितळी हंडा. लोक वेडे झाले. फोन निघाले. पोरी तिच्या शेजारी उभ्या राहून व्हिडिओ काढायच्या. आमचे हे खुशीत ओरडायचे, “सुमलीबाई, फेमस झाली तू! रोज येत जाय याच टायमाला!” यांना खरंच वाटत होतं की ती हौसेनं येते. भोळा माणूस. दुकानात बसून आयुष्य गेलं, पाणी कुठून भरतात हे यांना कधी बघावं लागलं नाही.

सुमलीबाई माझ्या चुलीजवळून जाताना थांबायची. अगदी एक श्वास. हंडा सारखा करायची, माझ्याकडे बघायची. मी वांगं उलटायचे. वांग्याला खरं तर उलटायची गरज नसायची.

मनाशी काय काय म्हणायचे मी! हँडपंप आहे की. तिला त्रास असता तर बोलली असती, तोंडाची काय कमी फटकळ आहे? रविवार जाऊ दे, मग सांगते यांना. संक्रांत जाऊ दे. आणि रविवारी दुपारी हे वरच्या टेबलाशी बसायचे, डोळे मिटून. बोलले असते तर ते उठले असते, आणि उठलेला माणूस पुन्हा तसा बसेल याची मला खात्री नव्हती. पंचवीस वर्षांची मैत्रीण एकीकडे आणि नवऱ्याचा तो एक घंटा दुसरीकडे. मी मूग गिळून बसले. तेव्हापासून माझ्या अंगात ही येरझार शिरली आहे. यांची चळवळ थांबली आणि ती मला लागली. भाकरी थापताना उठायचे, पानं पुसता पुसता केळीत जाऊन यायचे, कशासाठी ते कळायचं नाही.

संक्रांत झाली. एके दिवशी जेवणाच्या वेळी सुमलीबाई आली नाही, तिची सून आली. सातवा महिना. शेवाळानं दगड निसरडे झाले होते, सासूचा पाय मुरगळला होता. डोक्यावर हंडा, एक हात कमरेवर. रिकामा हंडा घेऊन वर गेली तेव्हा मी कसंबसं पाहिलं. भरलेला घेऊन खाली येताना ती तिसऱ्या टेबलाजवळ डगमगली, आणि कुणीतरी फोन समोर धरून म्हणालं, “एक मिनिट, हसो ना!”

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून नाल्यात उतरले. तिच्या डोक्यावरून हंडा काढून माझ्या कमरेवर घेतला आणि चालायला लागले. मागून हे, “अवं, काय झालं? कुठं चालली?” करत आले, हत्तींची पँट गुडघ्यावर धरून. बंधारा ओलांडला. ती वीस पावलं गेले. झिरीत चहाच्या रंगाचं पाणी होतं, वर हळदीची कड, आणि वास. हे वाकून बघत राहिले. सुमलीबाई दारात बसली होती, पायाला पाला बांधून.

“हे आपल्याकडून आलं?” यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळले. “तुले कधी कळलं?”

मी म्हटलं, “आत्ताच.”

सुमलीबाईनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पायाचा पाला सारखा करायला लागली.

यांनी तिला हात जोडले. तिचा विळा मागून घेतला, बंधाऱ्याशी गेले आणि एकेक गोणी उभी चिरली. वरचं पाणी धडधडत निघालं. टेबलं कलंडली, पानं वाहून गेली, लोकांच्या चपला पळाल्या. “अहो, जेवून तर होऊ द्या!” म्हणून ओरडा झाला. हे ओल्या पँटनं शेवटच्या गोणीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी वस्तीजवळ नवी झिरी स्वतः खोदली, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरून पाइप टाकून तिथे तोटी बसवून दिली. “बँकॉक भरीत”चा बोर्ड आता गोठ्याचं दार म्हणून लावला आहे.

इथवर हकिकत चांगलीच आहे. वाईट पुढे आहे. हे ती सगळीकडे सांगतात. लग्नात, बारशात, पल्लवीच्या सासरी. चुळेचा प्रसंग नकलेसकट सांगतात, लोक हसून लोळतात, आणि शेवटी गंभीर होऊन माझ्याकडे हात करतात. “मी तं आंधळाच होतो. हिनं पाहिलं. ज्या मिनिटाला पाहिलं त्या मिनिटाला भाकरी टाकून धावली.” सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी पदर सारखा करते, काहीतरी आणायला आत जाते. चार वर्षं मी आत जातेय.

आणि आता हे म्हणत होते, परत करू या. “या वेळी बंधारा नाही. हात धुवायची जागा वर, दूर, नळासकट. आन् तू आहेच ना. तुझं लक्ष असलं की मले काळजी नाही.” हे ऐकलं आणि मला त्या खोलीत बसवेना.

परवा एकटीच बसनं शेतात गेले. सुमलीबाई केळीची वाळली पानं कापत होती. तिची नात बांधावर खेळत होती, तेव्हा पोटात होती ती. नाला निवळला होता. आम्ही काठावर बसलो, तिनं तंबाखू मळला. मी म्हटलं, “सुमलीबाई, मला तेव्हा पहिल्यापासून माहीत होतं.”

“हं,” ती म्हणाली.

“मी यांना खोटं सांगितलं, तुझ्यासमोर. तू का नाही बोललीस?”

तिनं तंबाखू ओठात ठेवला, हात झटकले. “बोलून काय करू? तुमाले भाऊच्या संगं राहायचं होतं, बाई. मले तं फक्त पाणी पाहिजे होतं.”

ती रागानं बोलली असती तर मी हलकी होऊन आले असते. ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, आणि उठून कामाला लागली. मला जाताना केळफूल दिलं. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बुऱ्हाणपूरपर्यंत मी खिडकीची काच उघड-बंद करत होते. शेजारची बाई म्हणाली, “ताई, एकदा काय ते ठरवा.”

घरी आले. हे कागदावर टेबलं आखत होते, पट्टी घेऊन. मी चपला काढल्या नाहीत. उभ्यानंच सांगितलं. राख, ती वीस पावलं, तेलाचा थर, रोज माझ्यासमोर थांबणारी सुमलीबाई, सगळं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही, कारण तुम्ही तिथे बसायचे. एवढं बोलून मी थांबले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच मला हवं होतं.

यांनी पट्टी खाली ठेवली. मग विचारलं, “एवढा खुश दिसत होतो का वं मी?”

मी म्हटलं, “हो.”